बारकूनं जिंकलेला कीन कप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. देवापुढं उभा राहिलो तरी मनातल्या मनात हे वाक्य अर्ध्यावर सोडून दिलंय. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट कळत नाही. तुम्ही ना मला ओळखता, ना बारकूला — कदाचित म्हणूनच असेल.

आणि ही काही रडकथा नाही हं. ज्या दिवसाचं मला सांगायचंय, तो दिवस आमच्या भागानं बघितलेल्या आनंदाच्या दिवसांतला एक होता. अजून आठवला की ऊर भरून येतो. खोटं नाही सांगत. तीच तर अडचण आहे — तो आनंद खरा होता, आणि माझी गोष्ट त्या आनंदाच्या अगदी मधोमध बसलेली आहे.

सुरुवातीपासून सांगतो.

आमचं गाव चौकच्या अलीकडं. भातशेतीचं गाव. पाताळगंगेच्या काठाला रसायनीच्या बाजूनं एकामागून एक कारखाने यायला लागले, त्यातल्या एका कारखान्यात कीन नावाचा आयरिश इंजिनिअर आला. उंच, लालबुंद, उन्हानं कायम सोललेलं नाक. कॉलनीच्या मागं दगडगोट्यांचा, करवंदीच्या जाळ्यांचा एक माळ पडून होता. साहेबानं तो मागून घेतला आणि साफ करून घेतला. गवत लावलं, नऊ ठिकाणी भोकं पाडली, प्रत्येक भोकात बांबूचं निशाण. खालापूर तालुक्यात गोल्फ! लोक बांधावर उभे राहून हसायचे. काठीनं चेंडू मारायचा, मग त्याच्यामागं चालत जायचं, परत मारायचा, शेवटी भोकात घालायचा — कमी फटक्यांत घालील तो जिंकला. माझे वडील म्हणाले होते, "एवढं चालायचंच हाय तर नांगरामागं चाला की."

मी आणि बारकू त्या माळावर पहिल्या दिवसापासून होतो. दोघंही विशीतले. बारकू मूळचा कोंडाण्याचा, लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याचा. आईबाप लवकर गेले, म्हणून आमच्या गावात दिलेल्या बहिणीकडं, येसूताईकडं राहायचा. आम्ही आधी गवत कापलं, मग साहेबांच्या बॅगा उचलल्या, मग संध्याकाळी साहेब घरी गेले की मोडक्या काठ्यांनी खेळायला लागलो. कीनसाहेबानं एकदा चोरून खेळताना पकडलं. आम्हाला वाटलं, गेलं काम. तर त्यानं माझा हात धरला, काठीवरची पकड नीट करून दिली आणि म्हणाला, "अब मारो."

तिथून आम्ही खेळाडू झालो.

साहेब कधी कधी त्याच्या गावाकडचं सांगायचा. आयर्लंडात समुद्राच्या कडेला एक मैदान होतं, तिथं दर वर्षी पोटासाठी गोल्फ खेळणाऱ्यांची स्पर्धा भरायची. वारा असा, की छत्र्या उलट्या व्हायच्या, तरी माणसं भिजत उभी राहायची. साहेबाचा बाप तिथं बॅगा उचलायचा. एका वर्षी गावातल्याच एका मच्छीमारानं कप मारला, तेव्हा लोकांनी त्याला होडीत बसवून ती होडी खांद्यावरून गल्ल्यांतून फिरवली. मग पैसे देणाऱ्या कंपनीनं हात काढून घेतला. "बंद झाली, असं कोणी बोलला नाय," साहेब त्याच्या मोडक्या मराठीत सांगायचा. "एक साल झालीच नाय. मग परत कधी झाली नाय." सांगताना तो आमच्याकडं बघायचा नाही, माळाकडं बघायचा.

त्या बंद पडलेल्या स्पर्धेसाठीच त्यानं इथं कप चालू केला, असं मला वाटतं. दिवाळीनंतर, भातं कापणीला आली की. मुंबई-पुण्याच्या क्लबांतून गोल्फ शिकवून पोट भरणारे खेळाडू यायचे. चांदीचा कप, नावं कोरलेली. कागदोपत्री त्याचं नाव मोठं होतं, आम्ही सगळे कीन कपच म्हणायचो. पहिली काही वर्षं आम्ही नुसत्या बॅगा उचलल्या. मग साहेबानं मला कॉलनीतल्या लोकांना शिकवायला ठेवलं. शिकवून कमावतो म्हणजे मी पण धंदेवाईक — म्हणजे मी खेळू शकतो! गावात ही बातमी पोचली तेव्हा कबड्डीच्या मैदानावरचा खेळ थांबला होता.

आता यायलाच हवं त्याच्यावर. मी मुद्दाम लांबवतोय, तुमच्या लक्षात आलं असेल.

त्या वर्षी मी शेवटच्या लढतीपर्यंत पोचलो. समोर मुंबईचा फर्नांडिस. सभ्य माणूस, हातात जादू. त्याची बॅग उचलायला बारकू होता. त्यात वावगं काही नव्हतं. मुंबईवाल्यांना इथला माणूस लागायचाच, आणि बारकूएवढी माळाची माहिती कुणाला होती? सकाळी निघतानाच तो मला म्हणाला होता, "आज मी त्याचा हाय रं मधू. पन जीव तुझ्याकडंच राहील."

आठ भोकं झाली तरी आम्ही बरोबरीत. नवव्याच्या उजव्या हाताला आमच्याच गावकऱ्यांची शेतं लागायची. हद्दीला पांढऱ्या खुंट्या. खुंटीच्या बाहेर चेंडू गेला तर एक फटका दंड, आणि परत जुन्याच जागेवरून मारायचं. म्हणजे खेळ संपलाच.

माझा फटका उजवीकडं गेला.

मी सगळ्यांच्या पुढं धावलो. चेंडू खुंटीच्या बाहेर होता. फार नाही, वीतभर. कापलेल्या भाताच्या धसांत अडकून पांढराशुभ्र दिसत होता. मागं वळून बघितलं — लोक अजून लांब होते. मी बुटाच्या टोकानं त्याला आत घेतलं. एवढंच. किती वेळ लागतो त्याला? श्वास घ्यायला लागतो त्याहून कमी.

आणि मान वर केली तर बांधाच्या वरच्या अंगाला बारकू उभा. खांद्यावर फर्नांडिसची बॅग.

मी मारला. तसा फटका मी जन्मात परत मारला नाही. चेंडू निशाणाजवळ जाऊन थांबला, पुढच्या टोल्यात भोकात. मी जिंकलो. गाव आत घुसलं. आणि त्या गलक्यात बारकू कीनसाहेबाजवळ गेला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "सायब, बॉल भायेर होता."

जवळच्यांनी ते ऐकलं आणि गर्दीभर पसरलं. साहेब माझ्याकडं आला. त्याचं नाक नेहमीसारखं सोललेलं होतं, डोळे मात्र फार स्वच्छ. "मधू, आत का बाहेर?"

"आत होता साहेब."

"बस," साहेब म्हणाला. या खेळात खेळणाऱ्याचा शब्द शेवटचा, हे त्यानंच आम्हाला शिकवलं होतं. फर्नांडिसनं माझा हात हातात घेतला. बारकू बॅग खाली ठेवून निघून गेला.

तुम्हाला वाटलं असेल, हीच ती गोष्ट. नाही. थांबा.

त्या दिवशी मला ट्रकवर उभं करून चौकपर्यंत नेलं. हायवेवरच्या ढाब्यावाल्यानं सगळ्या गावाला जेवू घातलं, गॅरेजवाल्यांनी ट्रकांचे हॉर्न एकदम वाजवले. कंपनीनं मला कायम केलं, क्वार्टर दिलं. आणि बारकू? त्याला गावानं घरभेद्या ठरवलं. मुंबईवाल्याच्या बॅगेसाठी आपल्या माणसावर उलटला म्हणाले. कबड्डीच्या संघातून काढला. भाचीच्या हळदीत तो वाढायला उठला तर पंगतीतले लोक पानावर हात आडवा धरून बसले. मी त्या पंगतीत होतो. माझा हात? — माझाही आडवा होता. येसूताई आत जाऊन रडली. दुसऱ्या दिवशी बारकू कोंडाण्याला निघून गेला.

मग वर्षं गेली. कीन कप मोठा होत गेला. दिल्ली-कलकत्त्याहून खेळाडू यायला लागले, कॉलनीत शामियाना पडायचा, वर्तमानपत्रांत कोपऱ्यात का होईना बातमी यायची. साहेब त्याच्या देशाला परत गेला. जाताना मला त्याची टोपी देऊन गेला. मी पुढंही कप जिंकला, आणि तो सरळ खेळून जिंकला. ते सांगून आता काय उपयोग?

बारकूचं मधूनमधून कानावर यायचं. डोंगराच्या पायथ्याला खाचरं रिकामी झाली की एकटाच चेंडू मारत बसतो. मग कळलं, घाटावर कुठल्याशा क्लबात कामाला लागला. मग कळलं, तिथं शिकवतो.

आणि मग एका वर्षी खेळाडूंच्या नावांत त्याचं नाव निघालं.

ते कपाचं शेवटचं वर्ष ठरणार होतं, पण तेव्हा आम्हाला ते माहीत नव्हतं. बारकू आला तो कर्जतवरून एका टेंपोत भाजीच्या करंड्यांमधे बसून. काठ्या गोणपाटाच्या पिशवीत. केस पिकलेले, अंग मात्र वेतासारखं. लोक लांबूनच बघत होते. तो सरळ पहिल्या भोकाशी जाऊन उभा राहिला, चेंडू ठेवला आणि मारला.

काय सांगू तुम्हाला! तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. कोरड्या लाकडाला कुऱ्हाड एका घावात पार करते तसा आवाज. चेंडू इतका लांब गेला की पुढं उभी असलेली माणसं चुकीच्या ठिकाणी शोधत होती.

पहिल्या दिवशी त्यानं पुण्याच्या एकाला हरवलं, दुसऱ्या दिवशी कलकत्त्याच्या एका नामांकित खेळाडूला. तिसऱ्या दिवशी सकाळी बांधावर माणसं मावेनात. कारखान्यातली पाळी सुटली ती सरळ माळावर आली. चौकचे गॅरेजवाले शटर ओढून आले. शेवटची लढत होती माझी आणि बारकूची, आणि दोघंही इथलेच! आता कुणी जिंको, कप बाहेर जाणार नव्हता.

मी जीव लावून खेळलो. हे मात्र मानाल तर माना — त्या दिवशी मी मनात काहीही काळं ठेवलं नव्हतं. ज्याचे फटके कमी, त्याचं ते भोक; दोन भोकं मी घेतली, दोन त्यानं घेतली. सातव्याच्या पुढ्यात तळं आहे. सगळे तळ्याच्या कडेकडेनं मारतात, सुरक्षित. मीही तसंच मारलं. बारकू तळ्याकडं बघत उभा राहिला. म्हशी पाण्यात डुंबत होत्या. कुणीतरी ओरडलं, "बारकूभाऊ, कडंनं मार!" कितीतरी वर्षांनी गावातलं कुणी त्याला भाऊ म्हणत होतं. त्यानं वळूनही बघितलं नाही. तळ्यावरून मारला, सरळ. चेंडू म्हशींच्या डोक्यावरून गेला, हिरवळीवर पडला, आणि माळावर असा गलका उठला की म्हशी उधळून पाण्याबाहेर आल्या. मीही ओरडलो. हरत होतो, तरी ओरडलो.

आठव्यावर त्याला लांबचा टोला घालायचा होता. उताराचा, वळणाचा. सातवं त्यानं घेतलं होतं; हा टोला गेला तर तो दोन भोकांनी पुढं आणि उरलेलं एकच, म्हणजे सामना तिथंच खलास. तो खाली बसला, जमीन बघितली, उठला. हलकेच टोला दिला. चेंडू निघाला — उताराला लागला — वळला — भोकाच्या काठावर जरासा रेंगाळला, आणि पडला.

येसूताई म्हातारी झाली होती. लुगड्याचा काष्टा सावरत ती सगळ्यांच्या आधी धावत हिरवळीवर आली. तिथं चपला घालून यायची बंदी होती. ती अनवाणीच होती. "माझा बारकू! माझा बारकू गं बाय!" तिनं त्याच्यावरून कडाकडा बोटं मोडली. ज्यांनी पानावर हात आडवे धरले होते तेच लोक त्याच्या पाया पडायला धावले. आणि त्याला खांद्यावर पहिल्यांदा कुणी उचललं? मी. माझ्या खांद्यावर तो हसत होता, रडत होता, माझे केस ओढत होता. हरल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नाही. तेवढा वेळ मी चांगला माणूस होतो, असं वाटतं.

बक्षिसाला थोडा वेळ होता. शामियान्याच्या मागं पाण्याचं पिंप ठेवलं होतं, आम्ही दोघं तिथं तोंड धुवायला गेलो. कुणीच नव्हतं. बारकूनं टॉवेलनं तोंड पुसलं आणि अगदी सहज, राग नाही, ताण नाही, जुन्या सवंगड्याला विचारावं तसं विचारलं,

"मधू, आता काय त्याचं रं. पन तेवढं सांग. भायेर होता ना?"

बघा. साहेब नव्हता. गाव नव्हतं. कप त्याचा होता, नोकरी माझी पक्की होती. कोण काय हिसकावून घेणार होतं माझ्याकडून? एक शब्द होता नुसता. तो माझ्या तोंडाकडं बघत होता, आणि त्याचा चेहरा इतका मोकळा होता, की मी होय म्हटलं असतं तर त्यानं मला मिठीच मारली असती. मला हे तेव्हाही कळत होतं.

मी म्हणालो, "नव्हता रं बारकू. आतच होता. तुला लांबून दिसलं नसंल."

त्यानं टॉवेलची घडी घातली. मग म्हणाला, "असंल. ऊन पन होतं."

तिथंही संपलं असतं तर बरं झालं असतं.

बक्षीस झालं. कप हातात घेऊन तो माइकसमोर उभा राहिला. सगळ्यांना वाटलं, दोन शब्द आभाराचे बोलेल. त्यानं घसा साफ केला. "मला एक बोलायचं हाय," तो म्हणाला. "मागं याच माळावर मी मधूवर आळ घेतला व्हता. बॉल भायेर हाय म्हनून. ती माझी चूक व्हती. मला नीट दिसलं नवतं. तुमच्या सगल्यांच्या देखत मी त्याची माफी मागतो." आणि त्यानं माझ्यासमोर हात जोडले.

शामियाना टाळ्यांनी फुटायचा बाकी होता. आधीच्या टाळ्या काहीच नव्हत्या. माणसं डोळे पुसत होती. येसूताई माझ्याकडं बघून मान हलवत होती — समाधानानं, मोठं ओझं उतरल्यासारखी. माझी बायको मला ढोसून म्हणाली, "अवो, उठा की, जवळ घ्या त्याला."

मी उठलो. त्याला जवळ घेतलं. आणि मग मीही टाळ्या वाजवल्या. त्यानं माफी मागितली म्हणून मी टाळ्या वाजवल्या.

ही ती गोष्ट.

त्या रात्री कर्जतपर्यंत मिरवणूक निघाली. कोंडाण्याहून लोक मशाली घेऊन खाली उतरले होते. बारकूला कपासकट बैलगाडीत बसवला, पुढं ढोल, मागं ट्रक. मी गाडीत त्याच्या शेजारी बसलो होतो. लोक दोघांच्या नावानं ओरडत होते.

पुढच्या वर्षी कारखाना दुसऱ्या मालकाकडं गेला. दिवाळी झाली, भातं कापून झाली, शामियाना काही पडला नाही. माळावर आता नव्या शेडी आहेत. कंपनीकडं परत गेलेला, नावं कोरलेला तो चांदीचा कप पुढं कुठं गेला, कुणाला ठाऊक नाही.

बारकू त्यानंतर बरीच वर्षं जगला. गावात त्याला मान होता. आमच्याकडं यायचा, जेवायचा, माझ्या नातवंडांना डोंगराच्या गोष्टी सांगायचा. फक्त एक बदल झाला, आणि तो फक्त माझ्याच लक्षात आला असेल. बांधावरून वाद झाला, पोरांच्या खेळात रेषेवरून भांडण झालं, आणि कुणी म्हणालं, बारकूभाऊ, तुमी बघितलंत ना, तुमी सांगा — तर तो हसून मान हलवायचा. "मला नका इचारू. माझ्या नजरंचं काय खरं नाय."

मी तिथंच बसलेला असायचो. दर वेळी.

बारकूची नजर शेवटपर्यंत चांगली होती. चेंडू बाहेर होता. त्यानं पाहिला, मीही पाहिला, आणि मी त्याला सांगितलं नाही.